सोळाव्या दिवसाची गोळी

रुग्णालयांच्या वार्षिक अहवालांत दाखल झालेल्या रुग्णांची संख्या ठळकपणे छापलेली असते, आणि ती गतवर्षीपेक्षा वाढलेली असली तर कामगिरी म्हणून वाचली जाते. त्या संख्येतील किती माणसे महिन्या-दोन महिन्यांपूर्वी त्याच आजारासाठी त्याच वॉर्डात राहून गेली होती, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही. हृदय दुबळे झालेला रुग्ण बरा करून घरी पाठविला जातो आणि चौथ्या आठवड्यात फुप्फुसांत पाणी साचून परत येतो. मधुमेही वृद्धा बेशुद्धावस्थेत परत आणली जाते. अपस्माराचा तरुण रुग्ण झटके थांबत नाहीत म्हणून पुन्हा स्ट्रेचरवर चढतो. नोंदवहीत ह्या तीन नव्या 'केसेस' असतात. वस्तुतः जुन्याच उपचाराचा जो भाग अपुरा सोडला गेला, त्याची ती चक्रवाढ व्याजासह झालेली परतफेड असते.

रुग्ण पुन्हा दाखल झाला म्हणजे प्रत्येक वेळी कोणाची तरी चूक झाली, असे नव्हे. कर्करोग पसरतो, मूत्रपिंड निकामी होत जाते, वार्धक्य आपला मार्ग सोडीत नाही. तेथे वैद्यकाला मर्यादा आहेत आणि त्या मान्य केल्या पाहिजेत. परंतु फेरप्रवेशांचा एक मोठा गट असा आहे, की ज्याच्या मुळाशी रोग नसून औषधाचा गोंधळ असतो. औषध मिळाले नाही, मिळाले ते परवडले नाही, परवडले ते चुकीचे घेतले गेले, किंवा बरोबर घेतले तरी त्यावर देखरेख राहिली नाही. ह्या गटाकडे पाहण्याची आपल्याकडील रूढ रीत म्हणजे 'रुग्णाने हयगय केली' असे केसपेपरवर लिहून मोकळे होणे. ही रीत सोयीची आहे. ती सत्याला धरून आहे काय, हे तपासावयास हवे.

औषधाचा गोंधळ म्हणजे नेमके काय होते, हे आधी पाहू. हृदय दुबळे झाले की शरीरात मीठ व पाणी साचते आणि ते लघवीवाटे काढणारी गोळी रोज घ्यावी लागते. ती आठवडाभर बंद पडली, तर पाय सुजतात, उशीवर डोके टेकवून झोपता येत नाही आणि अखेरीस श्वास कोंडतो. समजा, असा एखादा पासष्ट वर्षांचा शेतमजूर घरी परतला आणि गुडघे दुखतात म्हणून गावातल्या मेडिकलमधून दुखण्यावरची गोळी घेऊ लागला. अशा वेदनाशामक गोळ्यांपैकी पुष्कळशा शरीरात मीठ-पाणी धरून ठेवतात, मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा घटवितात आणि लघवीच्या गोळीचा परिणाम मारून टाकतात. त्याने एकही गोळी चुकविलेली नाही, उलट एक जास्त घेतली आहे. तरीही तो परत येणार. दुकानदाराने काय विकले आणि डॉक्टरांनी काय लिहिले, ह्या दोहोंना एकत्र पाहणारा त्याच्या आयुष्यात कोणी नाही, हे त्याच्या परत येण्याचे खरे कारण होय.

दुसरा प्रकार नावाचा. रुग्ण दाखल होण्यापूर्वी रक्तदाबाची एक गोळी घेत होता. रुग्णालयाने तेच औषध दुसऱ्या कंपनीच्या नावाने लिहून दिले. घरी जुनी पाकिटे आहेत, हातात नवी चिठ्ठी आहे, आणि जुनी बंद करावी असे कोणी सांगितलेले नाही. तो दोन्ही घेतो, दाब एकदम उतरतो, पहाटे उठताना तो पडतो आणि खुब्याचे हाड मोडून घेतो. तिसरा प्रकार अन्नाशी निगडित आहे. मधुमेहावरील काही गोळ्या पोटात अन्न असो वा नसो, साखर खाली आणतातच. मूत्रपिंड थकलेले असेल तर त्यांचा अंमल लांबतो. एकादशीचा निर्जळी उपवास करणारी वृद्धा सकाळची गोळी नेमाने घेते, कारण 'एकही दिवस चुकवू नका' असे तिला बजावलेले असते. 'जेवणार नसाल त्या दिवशी विचारा' हे वाक्य कोणी उच्चारलेले नसते. चौथा प्रकार देखरेखीचा. हृदयाची कृत्रिम झडप बसविलेल्या रुग्णाला रक्त पातळ करणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते. ती कमी पडली तर झडपेवर गुठळी होते, जास्त झाली तर रक्तस्राव होतो, आणि हे प्रमाण नियमित रक्तचाचणीखेरीज कळत नाही. ज्या तालुक्यात ती चाचणी होत नाही, तेथे ह्या रुग्णाचे आयुष्य एस. टी. च्या वेळापत्रकावर आणि त्या दिवशीच्या बुडणाऱ्या मजुरीवर टांगलेले असते.

ही स्थिती केवळ गरीब देशांची आहे, असा कोणाचा समज असेल तर तो दूर व्हावयास हवा. ब्रिटनमधील मर्सीसाइड भागातील दोन रुग्णालयांत १८,८२० प्रवेशांची तपासणी करण्यात आली आणि तिचे निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले. त्यांतील ६.५ टक्के प्रवेश औषधांच्या अनिष्ट परिणामांशी निगडित होते, आणि त्यांपैकी बहुसंख्य टाळता आले असते. दोषी ठरलेली औषधेही दुर्मीळ वा नवी नव्हती. अल्प मात्रेतील ॲस्पिरिन, लघवीच्या गोळ्या, रक्त पातळ करणारे वॉरफरिन आणि वेदनाशामके, म्हणजे घरोघरच्या फडताळात सापडणारीच ती औषधे होती. अमेरिकेत वृद्धांसाठी असलेल्या मेडिकेअर ह्या सरकारी विमा योजनेच्या नोंदींवरून २००९ साली असे दाखविण्यात आले, की रुग्णालयातून घरी गेलेल्यांपैकी जवळजवळ एक पंचमांश रुग्ण तीस दिवसांच्या आत पुन्हा दाखल होतात. ह्याहून अधिक बोलका तपशील पुढे आहे. शस्त्रक्रियेखेरीज अन्य उपचारांनंतर घरी जाऊन तीस दिवसांत परतलेल्या रुग्णांपैकी सुमारे निम्म्यांच्या बाबतीत मधल्या काळात कोणत्याही डॉक्टरच्या भेटीचे बिलच आढळले नाही. म्हणजे रुग्णालयाचे दार आणि घराचे दार ह्यांच्यामध्ये कोणीच उभे नव्हते. जागतिक आरोग्य संघटनेने २००३ सालच्या आपल्या अहवालात नमूद केले होते, की विकसित देशांतही दीर्घकालीन आजारांचे रुग्ण सरासरीने निम्म्याच प्रमाणात औषधयोजना पाळतात. त्याच संघटनेने २०१७ साली औषधांमुळे होणारी टाळता येण्याजोगी गंभीर हानी पाच वर्षांत निम्म्यावर आणण्याचे आवाहन केले, तेव्हा औषधविषयक चुकांची जगाला पडणारी वार्षिक किंमत तिने ४२ अब्ज डॉलर धरली होती.

सुशिक्षित, विमाधारक आणि दूरध्वनी हाताशी असलेल्या देशांत निम्मे लोक औषध पाळू शकत नसतील, तर 'आमचे लोक अडाणी आहेत' ह्या स्पष्टीकरणाला काय अर्थ उरतो? माणसे गोळी विसरतात हे खरे. परंतु ज्या व्यवस्थेचे यश माणसाने कधीही न विसरण्यावर अवलंबून आहे, ती व्यवस्था रचणाऱ्यानेच हयगय केलेली असते. रेल्वेच्या फाटकावर अपघात होऊ लागले तर आपण वाटसरूंना दोष देऊन थांबत नाही, फाटकावर माणूस नेमतो. औषधाच्या फाटकावर आपण माणूस नेमलेला नाही.

भारतात ह्या प्रश्नाला आणखी एक कठोर बाजू आहे, ती खिशाची. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१४ सालच्या फेरीत असे आढळले, की रुग्णालयात दाखल न होता घेतलेल्या उपचारांवरील वैद्यकीय खर्चापैकी ग्रामीण भागात सुमारे ७२ टक्के आणि शहरी भागात सुमारे ६८ टक्के खर्च एकट्या औषधांवर होतो. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशाच्या एकूण आरोग्यखर्चातील लोकांच्या खिशातून थेट जाणारा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता. तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. ही घट स्वागतार्ह आहे. पण शंभरातील जवळजवळ चाळीस रुपये अजूनही आजारी माणसाच्या खिशातूनच जातात, आणि त्यांतला मोठा भाग घरी बसून रोज गिळावयाच्या गोळीचा आहे, हे विसरता येत नाही.

आता ह्या चित्रात सरकारी विमा कोठे बसतो, ते पाहावे. २३ सप्टेंबर २०१८ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण आहे. महाराष्ट्राने आपली महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना तिच्याशी जोडून घेतली आहे. २०२४ सालच्या ऑक्टोबरपासून सत्तर वर्षे व त्यावरील सर्व नागरिकांना, उत्पन्नाचा विचार न करता, केंद्रीय योजनेचे दार खुले झाले. हृदयाची शस्त्रक्रिया म्हणजे शेत विकणे असे ज्यांच्यासाठी समीकरण होते, त्या कुटुंबांना ह्या योजनांनी हात दिला आहे, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु केंद्रीय योजनेच्या नियमांत एक ओळ अशी आहे, जिच्याकडे टीकाकारांचेही फारसे लक्ष जात नाही. दाखल होण्यापूर्वीच्या तीन दिवसांचा आणि घरी गेल्यानंतरच्या पंधरा दिवसांचा तपासण्यांचा व औषधांचा खर्च योजनेत येतो. सोळाव्या दिवसापासून रुग्ण आपला आपण.

हृदयविकार, मधुमेह, अपस्मार, दमा ह्यांपैकी कोणता आजार पंधरा दिवसांत संपतो? औषध जन्मभराचे आणि संरक्षण पंधरवड्याचे, ही ह्या योजनेच्या पोटातील विसंगती आहे. हृदयातील नळीत बसवावयाच्या स्टेंटच्या किमतीवर शासनाने २०१७ सालच्या फेब्रुवारीत मर्यादा घातली; साध्या स्टेंटसाठी ७,२६० रुपये आणि औषधलेपित स्टेंटसाठी २९,६०० रुपये. तो निर्णय योग्य आणि धाडसाचा होता. पण स्टेंट बसविल्यानंतर रक्त गोठू नये म्हणून ज्या गोळ्या महिनोन् महिने न चुकता घ्यावयाच्या असतात, त्या अवेळी बंद पडल्या तर तोच स्टेंट गुठळीने बंद होऊ शकतो आणि रुग्णाचे प्राण धोक्यात येतात. शासनाने नळी स्वस्त केली, तिच्यातून रक्त वाहते ठेवण्याचे काम रुग्णाच्या पाकिटावर सोडले.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहता ही साधी हिशेबाची चूक नाही. विमा योजना ठराविक उपचाराला ठराविक पॅकेज देते. रुग्ण दाखल झाला की पैसा हलतो. रुग्ण घरी सुखरूप राहिला तर कोणाच्याच खात्यात काही जमा होत नाही. लघवीची गोळी रुपयाच्या आसपास मिळते, ती न घेतल्याने लागणारी अतिदक्षता विभागातील खाट हजारोंची असते. तरीही व्यवस्थेचा सारा ओघ खाटेकडे आहे, कारण खाटेचे बिल होते आणि न झालेल्या आजाराचे बिल होत नाही. जो खर्च टळला त्याची पावती कोणी फाडीत नाही. बाजाराला ह्या बाबतीत दोष देण्यात अर्थ नाही. बाजार आपल्या स्वभावाप्रमाणेच वागतो. दोष आहे तो सार्वजनिक पैशाने त्याच स्वभावाची नक्कल करणाऱ्या धोरणाचा.

ह्यावर अमेरिकेने एक उपाय करून पाहिला आहे, आणि त्यापासून दोन्ही प्रकारचे धडे घेण्यासारखे आहेत. २०१० सालच्या आरोग्य कायद्याने अशी तरतूद केली, की काही ठराविक आजारांचे रुग्ण अपेक्षेपेक्षा अधिक प्रमाणात तीस दिवसांत परतू लागले तर त्या रुग्णालयाला मेडिकेअरकडून मिळणाऱ्या रकमेत कपात करावी. २०१२ सालच्या ऑक्टोबरपासून ती अमलात आली. आरंभी कमाल एक टक्का असलेली कपात पुढे तीन टक्क्यांपर्यंत गेली. रुग्णालये खडबडून जागी झाली. घरी गेलेल्या रुग्णाला फोन जाऊ लागले, औषधांची यादी तपासली जाऊ लागली, फेरप्रवेश घटले. परंतु गरिबांची सेवा करणाऱ्या रुग्णालयांवरच दंडाचा भार अधिक पडतो, असेही आढळले. ज्याच्या घरी औषधाला पैसे नाहीत त्याच्या परत येण्याचा दंड त्याला दारात घेणाऱ्या रुग्णालयाने का भरावा, ह्या प्रश्नाला २०१२ मध्ये उत्तर नव्हते; पुढे कायद्यातच दुरुस्ती करावी लागली. हृदयविफलतेच्या रुग्णांत ह्या धोरणानंतर घरी गेल्यावर होणारे मृत्यू वाढले की काय, ह्यावरही तेथे गंभीर वाद झाला. तात्पर्य, नुसता चाबूक उगारल्याने आकडा कमी होतो. माणूस वाचेलच असे नाही.

इंग्लंडने वेगळी वाट धरली. तेथील राष्ट्रीय आरोग्य सेवेने १५ फेब्रुवारी २०२१ पासून अशी सोय केली, की रुग्ण घरी जाताना रुग्णालयाने त्याच्या बदललेल्या औषधांची माहिती त्याच्या घराजवळच्या औषधालयाला कळवावी. तेथील फार्मासिस्टने जुनी व नवी औषधे ताडून पाहावी, पहिल्या नव्या चिठ्ठीच्या वेळी फरक नोंदवावा, आणि रुग्णाला सर्व नीट समजले आहे ना ह्याची खात्री करून घ्यावी. ह्या कामाचे पैसे औषधालयाला मिळतात. येथे शिक्षा कोणालाच नाही. दोन दारांमधल्या मोकळ्या जागेत एक माणूस उभा केला आहे, एवढेच.

आपल्याकडे ही जागा भरणारी माणसे नाहीत असे नाही. शासकीय रुग्णालयांत औषधनिर्माण अधिकारी हे पद आहे. २०१५ सालच्या फार्मसी व्यवसाय विनियमांत रुग्णाला औषधाविषयी समजावून सांगणे हे फार्मासिस्टचे काम मानले आहे. परंतु प्रत्यक्षात खिडकीच्या जाळीमागून कागदी पाकिटे सरकविणारा हात एवढेच रुग्णाला दिसते. शंभर-दोनशे माणसांची रांग खोळंबलेली असताना '१-०-१' म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक, हे सांगण्याइतकाही अवकाश त्या हाताला मिळत नाही. डिस्चार्ज कार्ड इंग्रजीत, घाईत लिहिलेले. आणि ते वाचणारी व्यक्ती बहुधा घरातली आठवीतली नात.

नावाच्या गोंधळाचा इतिहास तर पन्नास वर्षांचा आहे. जयसुखलाल हाथी समितीने १९७५ सालच्या आपल्या अहवालात अत्यावश्यक औषधांची यादी दिली आणि औषधे व्यापारी नावांऐवजी मूळ नावांनी विकली जावीत असा आग्रह धरला. १९८० च्या दशकात महाराष्ट्रात लोकविज्ञान संघटनेसारख्या गटांनी हीच मागणी गावोगाव नेली. २०१६ साली भारतीय वैद्यक परिषदेने नियमात बदल करून डॉक्टरांनी मूळ नावे सुवाच्यपणे लिहावीत असे सांगितले. २०२३ सालच्या ऑगस्टच्या आरंभी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ते अधिक कडक केले, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस, वैद्यक व्यावसायिकांच्या विरोधानंतर, ते विनियम स्थगित ठेवले. डॉक्टरांचा एक आक्षेप मात्र खोटा नव्हता. मूळ नावाने मिळणाऱ्या प्रत्येक गोळीच्या दर्जाची हमी शासन देणार नसेल, तर निवड डॉक्टरच्या हातून सुटून दुकानदाराच्या नफ्याच्या हाती जाईल, अशी ती भीती होती. ह्या आक्षेपाला उत्तर म्हणजे नियम गुंडाळणे नव्हे, तर तपासणी प्रयोगशाळा आणि औषध निरीक्षक वाढविणे होय. २००८ साली सुरू झालेल्या जनऔषधी दुकानांची संख्या २०२५ सालच्या आरंभी पंधरा हजारांपर्यंत पोहोचली, ही जमेची बाजू. पण चिठ्ठीवर कंपनीचे नाव असेल तर दुकानदाराने त्याऐवजी दुसरे औषध देऊ नये असा औषध नियमांचा दंडक आहे. म्हणजे स्वस्त दुकान समोर आहे आणि तेथे जाण्याचा परवाना चिठ्ठीत नाही!

तरीही मूळ प्रश्न दुकानांनी सुटणारा नाही. ज्याच्याकडे दोन रुपये नाहीत त्याला पाच रुपयांची गोळी दोन रुपयांत मिळते ही बातमी काय कामाची? औषध मोफत आणि नेमाने मिळाले पाहिजे, आणि ते शक्य आहे, हे ह्या देशातच सिद्ध झालेले आहे. तामिळनाडूने १९९४ साली औषधखरेदीसाठी स्वतंत्र महामंडळ स्थापिले. मूळ नावाने एकत्रित खरेदी, जिल्हावार गोदामे, प्रत्येक संस्थेला तिच्या वाट्याचे पासबुक, अशी त्याची घडी आहे. राजस्थानने २ ऑक्टोबर २०११ पासून सरकारी रुग्णालयांत मोफत औषध योजना सुरू केली. तामिळनाडूने २०२१ सालच्या ऑगस्टपासून रक्तदाब व मधुमेहाची औषधे थेट घरपोच देण्यास आरंभ केला. महाराष्ट्रानेही १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील उपचार निःशुल्क केले आणि त्याच वर्षी कायद्याने वैद्यकीय वस्तू खरेदीचे स्वतंत्र प्राधिकरण निर्माण केले. परंतु केसपेपरचे पैसे माफ झाले म्हणून 'बाहेरची चिठ्ठी' संपत नाही. गोदामात औषध नसेल तर निःशुल्क ह्या शब्दाचा अर्थ एवढाच, की नसलेल्या औषधाचे पैसे पडत नाहीत. २०२४ सालच्या मार्चमध्ये क्षयरोगाच्या औषधांचा तुटवडा पडला आणि केंद्राला राज्यांना स्थानिक खरेदी करण्यास सांगावे लागले, तेव्हा महाराष्ट्रालाही त्याची झळ बसली. ज्या रोगात खंड पडला की जंतू औषधाला दाद देईनासे होतात, तेथेही पुरवठ्याची साखळी तुटू शकते. मग रक्तदाबाच्या गोळीची काय कथा?

ह्याच महाराष्ट्रात दुसरे उदाहरणही आहे. भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम २०१७-१८ मध्ये काही राज्यांतील निवडक जिल्ह्यांत सुरू झाला. महाराष्ट्रातील सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा आणि भंडारा हे जिल्हे त्यांत होते. त्याची कल्पना अगदी साधी होती. सर्वांसाठी एकच ठरलेली औषधयोजना, एका वेळी तीस दिवसांच्या गोळ्या, रुग्णाच्या हाती त्याचे कार्ड, घराजवळच्या केंद्रात औषध, आणि जो ठरल्या दिवशी आला नाही त्याची चौकशी. त्यात कोणतेही नवे यंत्र नव्हते, नवे संशोधन नव्हते. आंतरराष्ट्रीय स्तरावर २०२२ साली त्याचा गौरव झाला. जी माणसे 'हयगय करतात' म्हणून बदनाम होती, तीच माणसे औषध जवळ मिळू लागताच नेमाने येऊ लागली. आठ दिवसांच्या गोळ्या देऊन महिन्यात चार खेपा घालायला लावणारी पद्धत प्रत्येक खेपेला एक दिवसाची मजुरी कापते. हा दंड कोणत्याही कायद्यात नाही, पण तो रोज वसूल होतो.

म्हणून मागण्या स्पष्ट शब्दांत मांडल्या पाहिजेत. दीर्घ आजाराचा रुग्ण रुग्णालयातून निघेल तेव्हा त्याच्या हातात चिठ्ठी नव्हे, तीस दिवसांचे औषध असावे. आणि एकतिसाव्या दिवसाचे औषध त्याच्या गावाजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात वा उपकेंद्रात आधीच पोहोचलेले असावे. विमा योजनेतील पंधरा दिवसांची मर्यादा अशा आजारांसाठी काढून टाकावी आणि नंतरच्या औषधाला उपचाराचाच भाग मानावे. डिस्चार्ज कार्ड मराठीत, मूळ नावाने, ठळक अक्षरांत असावे आणि त्यात तीन रकाने असावेत: कोणते औषध चालू ठेवावयाचे, कोणते नवे, कोणते बंद. घरातील सर्व पाकिटे आणून दाखवावीत असे सांगण्याची व ती तपासण्याची जबाबदारी औषधनिर्माण अधिकाऱ्याची असावी, आणि त्यासाठी पदे भरली जावीत. घरी गेल्यापासून आठवड्याच्या आत आशा सेविकेने एकदा भेट द्यावी. मात्र तिच्या इतर कामांच्या ओझ्यावर हे फुकटात लादू नये, त्याचा स्वतंत्र मोबदला द्यावा. अखेरची मागणी आकड्यांची. प्रत्येक सार्वजनिक रुग्णालयाने, आणि सार्वजनिक पैसा घेणाऱ्या प्रत्येक खाजगी रुग्णालयाने, तीस दिवसांत परतलेल्या रुग्णांची संख्या व कारण दरवर्षी प्रसिद्ध करावे. दंडासाठी नव्हे, कारण शोधण्यासाठी. जे मोजले जात नाही त्याची अंदाजपत्रकात तरतूद होत नाही.

पैसा कोठून आणावयाचा, असा प्रश्न येईलच. २०१७ सालच्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत सार्वजनिक आरोग्यखर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या २.५ टक्क्यांवर नेण्याचे वचन दिले होते. २०२१-२२ मध्ये, महामारीच्या खर्चासह, तो १.८४ टक्के होता. वचन आणि व्यवहार ह्यांतील ह्या अंतरातच कितीतरी गोळ्या बसतात. शिवाय हा सारा नवा खर्चही नव्हे. केरळमध्ये २०१३ साली हृदयविफलतेच्या १,२०५ रुग्णांची नोंद ठेवून त्यांचा मागोवा घेण्यात आला, तेव्हा पाच वर्षांत त्यांतील ५९ टक्के मरण पावल्याचे दिसले. शास्त्रमान्य औषधयोजना ज्यांना मिळाली त्यांची जगण्याची शक्यता अधिक होती. केरळची आरोग्यव्यवस्था देशात अग्रेसर मानली जाते, हे ध्यानात घेतले म्हणजे अन्यत्र काय घडत असेल, ह्याची कल्पना करता येते. जी माणसे मरतात ती मरण्यापूर्वी वारंवार दाखल होतात, आणि त्या प्रत्येक खेपेचे बिल कोणीतरी भरतोच. कधी सरकार, कधी विमा, पुष्कळदा सावकार. प्रश्न खर्च करावा की नाही हा नाही. आधी एक रुपया द्यावा की नंतर हजार, एवढाच आहे.

आरोग्याचा हक्क म्हणजे रुग्णालयात खाट मिळण्याचा हक्क, असा अर्थ गेल्या काही वर्षांत रूढ होऊ पाहत आहे. त्याचे कारण उघड आहे. खाटेचे उद्घाटन करता येते, कार्डावर छायाचित्र छापता येते, लाभार्थ्यांचा आकडा सांगता येतो. घरी स्वस्थ झोपलेल्या माणसाचे उद्घाटन करता येत नाही. परंतु समाजाने आपल्या व्यवस्थेची परीक्षा घ्यावयाची ती ह्याच कसोटीवर. रुग्णाला दारातून आत घेणे हे व्यवस्थेचे अर्धे काम आहे. त्याला पुन्हा त्या दारात यावे लागू नये, हे उरलेले अर्धे. ते कोणाच्या कृपेवर वा स्मरणशक्तीवर सोडून चालणार नाही. सोळाव्या दिवसाची गोळी ही सार्वजनिक जबाबदारी आहे, एवढे जरी येत्या अंदाजपत्रकात मान्य झाले, तरी कितीतरी कुटुंबांची दुसरी खेप वाचेल. ही तरतूद करून घेण्याचे काम आरोग्यमंत्र्यांच्या सदिच्छेचे नव्हे. ग्रामसभेपासून विधानसभेपर्यंत प्रश्न विचारणाऱ्या लोकांचे आहे.